लेकीच्या शोधनिबंधाबरोबर पुण्याला

पुणे आम्हाला नवे नाही. आमची मावसबहीण ताडीवाला रोडला राहते. तिच्याकडे लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन अशा निमित्ताने आम्ही कितीदा तरी गेलो आहोत. स्टेशनातून बाहेर पडावे, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करावे आणि वस्तीत शिरावे, एवढेच आमचे पुणे. विद्येचे माहेरघर म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते पुणे आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलेले. मोठमोठ्या फाटकांवरच्या पाट्या वाचायच्या आणि पुढे जायचे. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्हाला अशा एका फाटकातून आत जाता आले. आमच्या थोरल्या लेकीला तिथल्या एका परिषदेत शोधनिबंध वाचायचा होता.

परिषद म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर मंडप, माईक आणि हारतुरे आले. तशी ती नसते. अभ्यास करणारी माणसे एका ठिकाणी जमतात. प्रत्येकाने एकेका प्रश्नावर काम केलेले असते, ते तो ठरलेल्या मिनिटांत मांडतो, आणि मग समोरचे त्याला प्रश्न विचारतात. भाषणाला टाळ्या पडल्या की भाषण संपते. इथे खरी परीक्षा टाळ्यांच्या नंतर सुरू होते. कोर्टात उलटतपासणी असते ना, तसेच. फरक एवढाच, की मधल्या सुट्टीत दोन्ही बाजूंचे लोक एकाच टेबलापाशी चहा पितात.

तयारी सहा महिने आधीपासून सुरू झाली. आधी गोषवारा पाठवायचा. म्हणजे आपण काय शोधले, कसे शोधले आणि त्यातून काय निघाले, हे तीनशे शब्दांत लिहायचे. पोरीने तो सात वेळा लिहिला. एकदा आम्ही तिला म्हणालो, "अगं, एक पानच तर लिहायचंय." ती म्हणाली, "पप्पा, म्हणूनच वेळ लागतो." गोषवारा स्वीकारल्याचे पत्र आले, मग नोंदणीची फी भरली, मग पूर्ण निबंध.

तिचा विषय आमच्या घरातलाच होता. १९५६ सालच्या धम्मदीक्षेच्या आठवणी बायकांनी कशा जपल्या, हा. पुरुषांच्या आठवणी पुस्तकांत पुष्कळ आल्या आहेत, बायकांच्या तेवढ्या आल्या नाहीत, असे तिचे म्हणणे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढले, ते तिच्या उशाशीच असायचे. आमच्या नायगावच्या आणि आसपासच्या वस्तीतल्या नऊ म्हाताऱ्यांशी ती बोलली. मोबाईलवर आवाज घ्यायचा, रात्री ऐकून शब्दन् शब्द उतरवायचा, पुन्हा जाऊन वाचून दाखवायचा, आणि "हे तुमच्या नावानं लिहू का, की नाव नको?" असे विचारून सही किंवा अंगठा घ्यायचा. या शेवटच्या कामाला ती फार जपायची. आपल्या माणसांच्या तोंडून ऐकायचे आणि त्यांना न विचारता छापायचे, हे तिला पटत नाही.

नवव्या बाई आमच्या घरच्याच होत्या. आमची आई.

आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिने नागपूरला बाबासाहेबांच्या समोर दीक्षा घेतली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या विहारात दरवर्षी १४ ऑक्टोबरला तिचा सत्कार होतो. शाल आणि गुलाबाचे फूल. वस्तीतल्या पोरांना तिची ओळख हीच. नातीने मोबाईल पुढे ठेवून साधे साधे विचारायला सुरुवात केली. कोणत्या स्टेशनाला उतरलात? अंगावर काय होतं? सकाळ होती का संध्याकाळ? आईने सांगितले, संध्याकाळ होती, अंधार पडत आला होता. अंगावर होतं तेच लुगडं, बदलायला वेळ कुठला? आणि वारा फार होता, खारा.

पोर थांबली. नागपूरला खारा वारा कुठला?

नागपूरचा सोहळा सकाळचा. लोक पांढरे स्वच्छ कपडे घालून, दिवस दिवस आधी निघून तिथे पोहोचले होते. मग संध्याकाळी, अंगावरच्या कपड्यांनिशी, समुद्राच्या काठी कुठे दीक्षा झाली? दि. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. मुंबईत दीक्षेचा कार्यक्रम १६ डिसेंबरला व्हायचा होता, तो बाबासाहेबांच्या हयातीत झालाच नाही. अंत्यसंस्काराच्या जागीच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखावर लोकांना दीक्षा दिली. आमच्या आईचे वडील लोणावळ्याला रेल्वेत गँगमन होते. बातमी कळताच सोळा वर्षांच्या लेकीचा हात धरून ते मिळेल त्या गाडीत चढले आणि दादरला उतरले.

आणि आम्हाला एकदम आठवले. लहानपणी आम्ही आईला विचारायचो, "बाबा काय बोलले गं तेव्हा?" ती दरवेळी एकच सांगायची, "लई गर्दी व्हती. काय ऐकू आलं न्हाई."

मग नागपूर आले कुठून? तेही पोरीनेच शोधले. आईचे लग्न १९५८ ला झाले. सासरचे, म्हणजे आमचे आजोबा आणि चुलते, खरोखर नागपूरला जाऊन आलेले. घरात येणारे-जाणारे त्यांना तेच विचारायचे. पाच-पन्नास वेळा ती हकीकत त्या घरात सांगितली गेली असेल आणि नवी सून चुलीपाशी बसून ऐकत असेल. तिला कोण विचारणार, की बाई, तू कुठे होतीस? सांगता सांगता घरची हकीकत तिची झाली. नऊ जणींपैकी आणखी दोघींच्या बाबतीत असेच काहीतरी पोरीला दिसले. सासरी गेलेली बाई जसे आडनाव बदलते तशी आठवणही बदलते की काय, हा तिच्या निबंधाचा गाभा ठरला.

आम्ही मात्र तिला सरळ सांगितले, हे लिहू नकोस. खोटे कशाला बोला? आम्हाला भीती वाटली. विहारातले लोक काय म्हणतील? म्हातारीची शाल काढून घ्यायची का या वयात? आठ दिवस घरात नीट बोलणे नव्हते. पोर म्हणाली, "मी ते नाव गाळीन, नाहीतर आजीला आधी विचारीन. पण नागपूर लिहिणार नाही."

त्याच आठवड्यात तिने आम्हाला बाबासाहेबांच्या पहिल्या मोठ्या शोधनिबंधाची गोष्ट सांगितली. दि. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमरावाने भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखनाच्या पहिल्या खंडात तो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो खंड आहे, पण काढून वाचणारे किती, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारतो. त्या निबंधात बाबासाहेबांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्री. व्यं. केतकर अशा चौघांच्या जातीच्या व्याख्या घेतल्या, एकेक तपासली, कुठे कमी पडते ते दाखवले, आणि मग आपले म्हणणे मांडले की जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. सती, विधवेवरची बंधने आणि मुलींची बालपणी लग्ने ही त्या बंधनाच्या रक्षणासाठी आली. आणि शेवटी काय म्हणाले? माझे म्हणणे टिकत नाही असे कुणी दाखवून दिले तर मी ते सोडून द्यायला तयार आहे, अशा आशयाचे.

ज्या माणसाने जातीचे सगळे चटके सोसले होते, तो जातीवरचे आपले म्हणणेही तपासायला पुढे ठेवतो. त्यापुढे आमची शालीची भीती केवढीशी.

शेवटी पोर आजीजवळ बसली आणि तिने सगळे वाचून दाखवले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दीक्षा घेतली ती खरी. गाव तेवढं चुकलं." आणि थोड्या वेळाने, "नाव घाल माझं. आन् मी बी येणार पुन्याला."

अशी आमची चौघांची स्वारी पहाटेच्या इंद्रायणी एक्स्प्रेसने निघाली. डब्यात चपात्या, सुकी बटाट्याची भाजी आणि आईसाठी मऊ भात. कर्जतला वडेवाल्यांची हाळी झाली. मागून इंजिने लागली आणि गाडी बोरघाट चढू लागली. लोणावळा आल्यावर आईने खिडकीला कपाळ टेकले. तिच्या वडिलांची खोली होती त्या बाजूला आता काय आहे ते आम्हाला ओळखता आले नाही. तिलाही नाही.

मावसबहिणीकडे त्या रात्री तालीम झाली. पंधरा मिनिटे मिळणार होती. भाचा मोबाईलवर वेळ लावून बसला, शेजारचे चार जण श्रोते झाले. पहिल्यांदा बावीस मिनिटे झाली. मग काटछाट. जे पडद्यावर दिसते ते तोंडाने पुन्हा सांगायचे नाही. आधी निष्कर्ष, मग पुरावा. एका चित्रावर पाचपेक्षा जास्त ओळी नाहीत. रात्री अकराला ते चौदा मिनिटांवर आले. शेजारच्या एका आजोबांनी प्रश्न विचारला, "पोरी, याचा आपल्या समाजाला उपयोग काय?" आम्हाला वाटले, आता ही गडबडेल. ती म्हणाली, "आजोबा, ज्यांनी पाहिलं ती माणसं दरवर्षी कमी होताहेत. अजून दहा वर्षांनी मी कुणाला विचारू?" आजोबांनी मान हलवली आणि आपली हकीकत सांगायला घेतली. ती संपायला बारा वाजले.

दुसऱ्या दिवशी परिषदेला. कोणत्या संस्थेत ते लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. गळ्यात अडकवायला नावाची पट्टी मिळाली, पिशवी मिळाली, वही-पेन मिळाले. आईलाही पट्टी दिली. त्यावर नाव लिहायचे होते, तर तिने स्वतः पेन मागून घेतले आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली आपली सही केली.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि उशिरापर्यंत बोलले. त्याचा भुर्दंड कुणाला? नव्या पोरांना. दुपारच्या सत्रात चिठ्ठी आली, प्रत्येकाने आठ मिनिटांत आटोपावे. पोरीचा चेहरा उतरला. तिच्या आधी दोघांनी इंग्रजीत निबंध वाचले. घाईघाईने, पान उलटण्याचा आवाज माईकमध्ये येत होता. आम्हाला फारसे कळले नाही. वाचणाऱ्यांनाही वेळेच्या धाकाने काही सुचत नसावे, असे वाटले. मग आमची उभी राहिली. मराठीत बोलली. प्रास्ताविक सोडून दिले, पहिल्याच वाक्यात म्हणाली, "माझ्या आजीनं मला सांगितलं की नागपूरला खारा वारा होता." सभागृह एकदम शांत झाले. सात मिनिटांत तिने नऊ जणींचे सांगितले आणि एक मिनिट हातात राखून बसली.

प्रश्नांच्या वेळी मागच्या ओळीतले एक वयस्क प्राध्यापक उठले. आवाज सौम्य, पण प्रश्न धारदार. "तुमच्या आजींची आठवण एका ठिकाणी चुकली हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग त्यांचं दादर तरी आम्ही खरं का मानावं? कागदोपत्री पुरावा काय?" आमच्या पोटात गोळा आला. पोरीने पाण्याचा घोट घेतला. म्हणाली, "सर, नुसती आठवण म्हणून मीही मानलं नाही. स्टेशन, वेळ, कपडे, वारा या चार गोष्टी मी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारल्या. चारही ७ डिसेंबरशी जुळतात आणि १४ ऑक्टोबरशी एकही जुळत नाही. कागद माझ्याकडे नाही. त्या दिवशी त्या गर्दीत कुणी कुणाची नावं लिहून घेतली नसणार. कागद नाही म्हणून माणूस तिथं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पण कागद नाही, हे मी निबंधात लिहिलेलं आहे." मग तिने पुण्याचेच उदाहरण दिले. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हां यांनी पुण्यातून काम करून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही आहेत. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा पुरावा गळ्यातच सापडणार, असे ती म्हणाली.

प्राध्यापकांनी काहीतरी टिपून घेतले आणि ते बसले. चहाच्या वेळी ते मुद्दाम आईपाशी आले. नमस्कार करून म्हणाले, "आजी, मी तुम्हाला खोटं ठरवत नव्हतो." आई म्हणाली, "तुमी बराबर इचारलंत. घरी बी तिनं असंच इचारलं." आम्हाला वाटते, परिषदेतले सगळ्यांत चांगले उत्तर हेच झाले. पण ते कामकाजात नोंदले जाणार नाही.

दुसरा दिवस आम्ही पुणे पाहण्यात घालवला. लेकीला भांडारकर संस्था बाहेरून तरी पाहायचीच होती. लॉ कॉलेज रस्त्याची ही संस्था ६ जुलै १९१७ ला सुरू झाली. दि. ५ ते ७ नोव्हेंबर १९१९ या दिवसांत पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद इथेच भरली. अध्यक्ष होते सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. म्हणजे पुण्यात जमून निबंध वाचण्याची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. त्याच १९१९ च्या जानेवारीत बाबासाहेब मुंबईत साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष देत होते. दोन्ही ठिकाणी विद्वत्ताच होती, पण एकीकडे प्राचीन पोथ्यांचा प्रश्न होता आणि दुसरीकडे जिवंत माणसांचा. पोथ्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. धर्मानंद कोसंबींनी याच शहरात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली नसती तर बुद्धवचन मराठीत यायला आणखी किती काळ गेला असता कोण जाणे.

तिथून विद्यापीठात. गणेशखिंडीतली ही जागा पूर्वी गव्हर्नरची होती. १९४९ ला विद्यापीठ झाले आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. झाडी एवढी दाट की आईला गावी आल्यासारखे वाटले. मुख्य इमारतीच्या परिसरातल्या सावित्रीबाईंच्या पुतळ्यापाशी आमच्या सौ. ने सगळ्यांचा फोटो काढला. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पोरे-पोरी वह्या घेऊन बसलेल्या. त्यांच्यातल्या एका मुलीने आईला पाण्याची बाटली दिली.

दुपारी शहरात. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाड्याची जागा. १८४८ ला जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे काढली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. आम्ही पत्र्याच्या कुंपणाशी उभे राहिलो. पोर म्हणाली, पुण्यात पहिला निबंध आपल्या माणसांपैकी कुणी लिहिला ठाऊक आहे? फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने. चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ च्या 'ज्ञानोदया'त १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. तीन वर्षे शाळा शिकलेल्या पोरीने धर्माच्या ठेकेदारांना रोखठोक प्रश्न विचारले. कागदोपत्री पुरावा म्हणतात तो असा एखादाच शिल्लक राहतो. गंज पेठेत फुलेवाड्यातली ती विहीर पाहून आलो. १८६८ साली जोतीरावांनी ती सगळ्यांना खुली केली. आईने वाकून आत पाहिले. मग नातीला विचारले, "त्या मुक्तीचं पुढं काय झालं?" पोरीला सांगता येईना. "शोधायला पाहिजे," एवढेच म्हणाली आणि वहीत लिहून ठेवले.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती. आईला खिडकी मिळाली. पोर प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा काढून पाहत होती. त्यावर तिचे नाव एका अक्षराने चुकलेले होते, ते बदलून मागायला पत्र लिहावे लागणार होते. आम्ही आईला हळूच विचारले, "आता विहारात काय सांगायचं?" ती म्हणाली, "मीच सांगते. सात डिसेंबरला उभी राहून सांगते."

दादरला उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पुलाच्या पायऱ्या चढताना आई मध्येच थांबली. दम लागला असेल म्हणून आम्ही पिशव्या खाली ठेवल्या. ती खाली फलाटाकडे पाहत होती. म्हणाली, "बापानं माझा हात इतका घट दाबला व्हता, की दुसऱ्या दिवशी बोटं सुजली. ह्ये मी तुला सांगितलं व्हतं का गं?"

"नाही, आजी," पोर म्हणाली, आणि गर्दी बाजूने जात असताना तिथेच पायरीवर तिने मोबाईल काढला.